गाडीखाली जाण्याआधी दोन सह्या

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ सभासदांच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "स्पोर्ट्स कारचं इंजिन ऑइल घरच्या घरी कसं बदलावं." फोनवर थोडा वेळ काही ऐकूच येईना. मग ते म्हणाले, "काका, मुदत ठेवींवर बोललात तर?" मुदत ठेवींवर मी छत्तीस वर्षं बोललो. व्याजाचे दर आता तुम्हाला माझ्याआधी कळतात. तेव्हा आज ऑइलवर बोलू द्या. हा विषय आपल्या पार्किंगशी आणि आपल्या बोअरच्या पाण्याशी कसा जोडलेला आहे, ते शेवटी सांगतो.

आधी पार्श्वभूमी सांगतो. माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांसारखे आम्ही दोघं तिकडे सहा-सहा महिने जाऊन येतो. जावयांकडे रोजच्या वापराची एक गाडी आहे, आणि हौसेची दुसरी. ही हौसेची गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५. तिकडे तिला मियाटा म्हणतात. माझदा म्हटलं की आपल्या पिढीला स्वराज माझदाचा छोटा ट्रक आठवतो. पण ही दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी गाडी आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची मजा द्यायची, पण त्यांच्यासारखी रोजची दुखणी नकोत, असा जपानी कंपनीचा हिशोब होता. तो इतका जमला की एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनी स्पोर्ट्स गाड्यांत सर्वाधिक खपाचा गिनेस विक्रम तिच्या नावावर आहे.

जावयांची गाडी पहिल्या पिढीतली, नव्वदच्या दशकातली. बटण दाबलं की हेडलाइट बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. माझ्या पत्नीने पहिल्यांदा बघितली तेव्हा ती म्हणाली, "एवढे पैसे देऊन आधी खाली बसायचं आणि मग उठताना गुडघे धरायचे?" तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण हौसेला मोल नसतं.

आता मुद्द्यावर येतो. एकदा फोनवर मुलगी सहज बोलून गेली, "बाबा, हा रात्री ऑफिसातून आला की एकटाच गाडीखाली शिरतो. मी मुलीला झोपवत असते. खाली काय चाललंय ते मला कळतसुद्धा नाही." ती सहज बोलली, पण माझी त्या रात्रीची झोप गेली. गाडी लहान असली तरी वजन हजार किलोच्या आसपास आहे. दहा क्विंटल. तांदळाच्या पन्नास किलोच्या वीस गोण्या डोक्यावर टांगून त्याखाली आपलं माणूस उताणं झोपतंय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या वर्षी तिकडे गेलो तेव्हा ठरवूनच गेलो होतो की या प्रकरणाचं ऑडिट करायचं. जावयांना उपदेश करायचा नाही. फक्त म्हणायचं, "जावईबापू, पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा मला बोलवा. बघायची इच्छा आहे."

ते खूष झाले. सासऱ्याला आपल्या गाडीत रस आहे, हे कोणत्या जावयाला आवडणार नाही?

पहिला प्रश्न असा की ऑइल बदलायचंच कशाला? इंजिनात धातूवर धातू घासतो. मधे ऑइलचा पातळ थर असतो म्हणून ते टिकतं. ऑइल इंजिन थंड ठेवायला मदत करतं, काजळी आणि बारीक कचरा आपल्यात धरून ठेवतं, गंज रोखतं. उष्णतेने आणि हवेने ते हळूहळू खराब होतं, त्यातली रसायनं संपत जातात. एक गैरसमज इथेच दूर करतो. ऑइल काळं झालं म्हणजे ते वाया गेलं असं नाही. पुष्कळदा ते काळं होतं, कारण ते घाण धरून ठेवण्याचं आपलं काम करत असतं. रंग बघून बदलू नका. गाडीच्या पुस्तकात जेवढे किलोमीटर किंवा जेवढे महिने दिलेत, त्यातलं जे आधी येईल ते पाळा. गाडी महिनोन्‌महिने उभी असली तरी महिन्यांचा नियम सुटत नाही. ठेवीची मुदत आपण बँकेत गेलो नाही म्हणून थांबते का?

डब्यावर ५ डब्ल्यू ३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. तो जितका लहान तितकं थंडीत चांगलं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. न्यू जर्सीत हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तिथे पहिल्या आकड्याला महत्त्व. शेजाऱ्याने कुठलं घातलं ते विचारू नका, आपल्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते बघा.

आता या बुटक्या गाडीची खरी अडचण. मी पट्टी लावून बघितलं, पुढच्या बंपरखाली जेमतेम पाच इंच जागा. नेहमीचा ट्रॉली जॅक आतच जात नाही. लोखंडी रॅम्प ठेवून गाडी वर चढवायला जावं, तर चाक रॅम्पला लागण्याआधी बंपर घासतो. म्हणजे गाडी उचलायला जॅक पाहिजे, आणि जॅक आत घालायला गाडी आधी थोडी उचललेली पाहिजे. कर्ज मिळायला तारण पाहिजे आणि तारण घ्यायला कर्ज पाहिजे, अशी अवस्था. यावर जावयांचा उपाय साधा होता. दीड-दोन इंच जाडीच्या लांब, रुंद लाकडी फळ्या पुढच्या चाकांसमोर ठेवायच्या आणि गाडी हळूच त्यांच्यावर घ्यायची. तेवढ्या उंचीने बुटका जॅक आत जातो.

क्रम असा. इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करायचं, म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट वाहतं. कडकडीत गरम नको, हात भाजतो. इंजिन बंद. गाडी सपाट, कडक सिमेंटवर हवी. डांबर उन्हात मऊ होतं, मातीत जॅक रुततो, उतारावर तर विचारच नको. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे. मग पुढच्या बाजूला मधोमध जो जाड लोखंडी आडवा भाग असतो, त्याच्या मध्यावर जॅक लावून गाडी उचलायची. हे या गाडीचं झालं. तुमच्या गाडीला जॅक कुठे लावायचा, ते तुमच्या पुस्तकात चित्रासकट असतं. भलत्या ठिकाणी लावला तर पत्रा आत जातो, किंवा त्याहून वाईट काही होतं.

आता मंडळी, इथून पुढचं कान देऊन ऐका. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो. आतलं एक रबरी सील फाटलं की तो बसतो, आणि बसण्याआधी नोटीस देत नाही. म्हणून गाडी उचलल्यावर पुढच्या चाकांच्या मागे, पुस्तकात दाखवलेल्या जागी, दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावायचे. आपले मेकॅनिक त्याला घोडी म्हणतात. मग जॅक सावकाश सोडून गाडीचं वजन घोड्यांवर घ्यायचं. विटा नाहीत, पोकळ सिमेंटचे ब्लॉक नाहीत, एकावर एक रचलेल्या फळ्या नाहीत. वीट भार घेता घेता एकदम फुटते.

जावयांकडे घोड्या होत्या. चांगल्या होत्या. पण दोन मिनिटांचं तर काम, म्हणून कधी कधी नुसत्या जॅकवरच गाडी ठेवून खाली जायचे. हे त्यांनीच हसत सांगितलं. मी हसलो नाही. मी म्हटलं, "जावईबापू, आमच्या बँकेत स्ट्राँगरूमला दोन चाव्या असायच्या. एक कॅशियरकडे, एक ऑफिसरकडे. एकट्याने उघडायचीच नाही. दोघंही प्रामाणिक असले तरी नाही. नियम माणसावर अविश्वास म्हणून नव्हता, तर एका माणसाचं लक्ष कधी तरी चुकतंच म्हणून होता."

ते म्हणाले, "बाबा, पण इथे दुसरी चावी कोण घेणार?"

म्हटलं, "मी आहे ना. मला खाली वाकता येत नाही, पाना फिरवता येत नाही. पण तपासता येतं. आयुष्यभर तेच केलं."

असं आमचं मेकर-चेकर सुरू झालं. बँकेतल्यांना हा शब्द माहीत आहे. एकाने व्यवहार करायचा, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा, तोपर्यंत व्यवहार पुरा होत नाही. मी कागदावर सहा ओळी लिहिल्या. गिअर आणि हँडब्रेक. चार ठोकळे. दोन घोड्या, त्यांच्या पिना बसलेल्या. जॅक दुसरा आधार म्हणून हलकासा टेकवलेला. गाडी दोन्ही बाजूंनी जोर लावून हलवून बघितलेली. आणि सहावी ओळ, घरातल्या मोठ्या माणसाला सांगितलेलं आहे. शेवटी दोन सह्या, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. दोन्ही सह्या झाल्याशिवाय गाडीखाली पाय नाही, डोकं तर नाहीच.

पहिल्या वेळी मी पाचव्या ओळीवर थांबलो. "हलवून दाखवा." जावई म्हणाले, "बाबा, पक्की आहे." मी म्हटलं, "हलवून दाखवा." त्यांनी जोर लावला, आणि डावीकडच्या घोडीचा एक पाय किंचित उचलला गेला. खाली सिमेंटच्या फटीत एक खडा होता. सुपारीएवढा. गाडी पडली असती की नसती, मला माहीत नाही. जावई काही बोलले नाहीत. गाडी पुन्हा जॅकवर घेतली, खडा काढला, झाडू मारला, पुन्हा सगळं लावलं, पुन्हा हलवलं. मग मी सही केली. वरच्या खिडकीतून मुलगी बघत होती, हे मला नंतर कळलं.

पुढचं काम त्या मानाने सोपं. बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण सैल करायचं, म्हणजे हवा जाते आणि खालून ऑइल नीट वाहतं. इंजिनाच्या खाली ऑइलची टाकी असते, आपले मेकॅनिक तिला चेंबर म्हणतात. तिच्या ड्रेन प्लगखाली रुंद ट्रे ठेवायचा. या गाडीला १९ नंबरचा पाना लागतो. प्लग सैल झाला की शेवटचे आटे हाताने, प्लग आत दाबून धरत फिरवायचे आणि झटकन बाजूला करायचा, नाहीतर पहिली धार बाहीत जाते. हातमोजे घाला. वापरलेलं ऑइल त्वचेला चांगलं नाही. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्यायचं.

मग ऑइल फिल्टर. या मियाटाचा फिल्टर कुठे लपवलाय, तर इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या खाली, अगदी खबदाडात. वरून दिसत नाही, खालून हात पुरत नाही. जावयांचा हात कोपरापर्यंत आत, डोळे मिटलेले, चेहरा मांजरीच्या पिलांना चाचपडत शोधणाऱ्या माणसासारखा. फिल्टर निघाला की मी ओरडायचो, "रबर मोजा!" जुन्या फिल्टरच्या तोंडाशी रबराची गोल रिंग असते. ती कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर बसवला तर रिंगवर रिंग होते, आणि इंजिन सुरू झालं की दाबाने तिथून ऑइल बाहेर पडतं. काही मिनिटांत इंजिन कोरडं. म्हणून जुन्या फिल्टरवर रिंग दिसलीच पाहिजे. एक आत गेली होती, एक बाहेर आली. टॅली झाली की पुढे.

नव्या फिल्टरच्या रिंगवर नव्या ऑइलचं बोट फिरवायचं आणि हातानेच आवळायचा. ड्रेन प्लगला नवा वॉशर, आणि पुस्तकात दिलेल्या जोरानेच आवळायचा. आपल्याकडे "अजून थोडं" म्हणत ताकद दाखवतात आणि चेंबरचे आटे जातात. मग वरून ऑइल. या गाडीला जवळपास चार लिटर. सगळं एकदम ओतायचं नाही, थोडं हातचं राखायचं. इंजिन सुरू करून ऑइलच्या दाबाचा काटा वर येतो का बघायचं. गळती बाजूने टॉर्च मारून बघायची, चालू इंजिनाखाली शिरायचं नाही. मग गाडी खाली उतरवायची आणि इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं. सपाट जागी डिपस्टिक काढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची, दोन खुणांच्या मधे किंवा वरच्या खुणेपर्यंत ऑइल हवं. जास्तीचं ऑइल ही श्रीमंती नाही. खालचा फिरता दांडा त्यात आपटून फेस करतो आणि फेसाचं वंगण होत नाही.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी घरी ऑइल बदलू नये, असंच मी म्हणेन. वॉरंटीतली गाडी सर्व्हिस सेंटरलाच द्या. पण डिपस्टिक प्रत्येकाने महिन्यातून एकदा बघावी. सुनांनी, मुलींनीही बघावी. एक जुनं फडकं आणि दोन मिनिटं लागतात.

तिकडे काम झाल्यावर जावई जुनं ऑइल गाळणीने डब्यात भरतात आणि गाडीच्या पार्ट्सच्या दुकानात नेऊन देतात. तिथे ते फुकट घेतात आणि पुन्हा शुद्ध करायला पाठवतात. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते, एका वेळच्या ऑइलबदलाचं जुनं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. आपल्या मापात साधारण ३८ लाख लिटर. आपली जमिनीखालची टाकी पन्नास हजार लिटरची. भागाकार करा. आपल्या शहात्तर टाक्या, आणि एका गाडीचं ऑइल!

आपल्या देशातही वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होण्याची जबाबदारी ऑइलच्या उत्पादकांवरही टाकली आहे. गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा पावसाच्या पाण्याच्या चेंबरमध्ये ते ओतायचं नाही. आपल्या पार्किंगचं पावसाचं पाणी कुठे जातं? पुनर्भरणाच्या खड्ड्यात, तिथून बोअरमध्ये. दुष्काळाच्या वर्षी टँकर नव्हता तेव्हा याच बोअरने आपल्याला तारलं, हे पंचवीस वर्षं इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

मागच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला होता की पार्किंगमध्ये गाडीचं कोणतंही काम करायला सरसकट बंदी करावी. फरशीवर ऑइलचे डाग होते, एक वहिनी घसरता घसरता वाचल्या, त्यामुळे राग रास्त होता. ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. माझं मत या व्यासपीठावरून सांगतो. बंदी घातली तर मुलं काम थांबवणार नाहीत, रात्री लपून करतील. लपून केलेलं काम एकट्याने होतं. आणि एकट्याने केलेलं हे काम किती धोक्याचं, ते मी आत्ता सांगितलं.

त्याऐवजी चार नियम करू. एक, जागा ठरलेली. गेटजवळची सिमेंटची सपाट पट्टी, खड्ड्यापासून लांब, वेळ दिवसाउजेडी. दोन, खाली ट्रे आणि भुसा, सांडलं तर ज्याचं त्याने पुसायचं. तीन, जुन्या ऑइलचा झाकणाचा एक कॅन वॉचमनच्या खोलीमागे सावलीत, आणि तो अधिकृत माणसालाच देऊन पावती फाइलला. चार, गाडी जॅकवर गेली की दोन माणसं. रजिस्टरमध्ये दोन सह्या. घोड्यांची एक जोडी सोसायटीने घ्यावी, खर्चाचा पहिला चेक माझा. ज्यांच्याकडे विजेवरच्या गाड्या आहेत ते हसताहेत, इंजिन ऑइलची त्यांना कटकट नाही. पण त्यांचंही चाक पंक्चर होतं, जॅक त्यांनाही लागतो, आणि बॅटरीमुळे त्यांच्या गाड्या जडच असतात. चौथा नियम त्यांनाही आहे.

आणि ज्येष्ठांना एक सांगणं. आपल्याला वाटतं, आता आपला उपयोग काय? मंडळी, तपासणाऱ्याला गुडघे लागत नाहीत. चष्मा लागतो, चिवटपणा लागतो, आणि "हलवून दाखवा" हे दोनदा म्हणायची तयारी लागते. संध्याकाळी बाकावर आपण आठ-दहा जण बसतोच. खाली कोणी तरुण गाडी उचलताना दिसला, तर त्याला रागावू नका. खुर्ची घेऊन जवळ जा, आणि सही करा.

जावई आता दर वेळी व्हिडिओ कॉल करतात. फोन ठोकळ्यावर उभा करतात, सहा ओळी मोठ्याने वाचतात, प्रत्येक ओळीला कॅमेरा फिरवतात. दुसरी सही मुलगी करते. नातीने कागदावर कोपऱ्यात स्वतःचंही नाव लिहिलंय, ते वयात बसत नाही म्हणून मी अजून मंजूर केलेलं नाही.

ठराव पुढच्या सभेत येईल तेव्हा हा विचार जरूर करा. चहा तयार आहे असं खुणेने सांगताहेत, तेव्हा थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.